अकरा थांबे

दादा रिकामी सूटकेस घेऊन आला होता.

लिफ्टचं दार उघडताच ताईला ती दिसली. वडिलांची जुनी, तपकिरी, कोपऱ्यांना पत्रा ठोकलेली. दादाने ती दोन बोटांवर लटकवली होती, त्यावरूनच आत काही नाही हे कळत होतं. आई ताईच्या दंडाला धरून बाहेर पडली. तिची नजर आधी सूटकेसवर गेली, मग दादाच्या तोंडाकडे.

"ही कशाला?" ताईने विचारलं.

"कशाला म्हणजे? त्याचे कपडे काय हातात धरून न्यायचे?"

"अजून काही ठरलेलं नाहीये, दादा."

"तुझं नसेल ठरलेलं. बुधवारी आईची अवस्था बघितली असतीस तर ठरलं असतं."

"मी बस डेपोत उभी होते. प्रत्येक बसमध्ये चढून बघत होते. सिनेमाला नव्हते गेले."

"अरे, दारात नका रे," आई म्हणाली. "त्याला ऐकू जाईल."

दादाने बेल दाबली. आतून काही आवाज नाही. त्याने पुन्हा हात वर केला तेवढ्यात दाराच्या भिंगाआड सावली हलली.

"कोण?"

"अरे मी. दादा."

"अजून कोण?"

"आई, ताई. उघड आता."

"तीनला सांगितलं होतं. तीनला पाच कमी आहेत."

दादाने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. वडिलांच्या माघारी घड्याळांचं दुकान तोच चालवत होता आणि वेळेच्या बाबतीत त्याला कोणी शिकवलेलं आजवर खपलं नव्हतं. पण तीनला खरंच पाच कमी होते. ताईने हसू दाबलं. आत साखळी खळखळली, कुलूप दोनदा फिरलं आणि बाळ दारात उभा राहिला.

बाळ म्हणजे या घरातलं शेंडेफळ. वय एक्केचाळीस. कानांजवळ केस पांढरे झालेले, दाढी स्वतः केलेली, त्यामुळे हनुवटीखाली एक पट्टा राहून गेलेला. जन्मापासून त्याची समज सावकाश. सावकाश, पण एकदा आत बसलेली गोष्ट मग कुठे जात नाही, हे ताईला लहानपणापासून ठाऊक होतं. डॉक्टरांनी तेव्हा त्याच्यासाठी वापरलेला शब्द आता कोणी वापरत नाही. घरच्यांनी मात्र 'बाळ' सोडलं नव्हतं.

"पाय पुसा," तो म्हणाला. मग त्याने सूटकेसकडे बोट केलं. "यात काय आहे?"

"काही नाही," दादा म्हणाला.

"मग कशाला आणली?"

दादाने पाय पुसले. त्याने ती दारामागे भिंतीला टेकवून ठेवली.

खोली लांबट होती, रस्त्याकडे खिडकी असलेली. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला ओटा आणि मधोमध टेबल, ज्याला आज शेजाऱ्याकडून आणलेल्या दोन खुर्च्या जोडल्या होत्या. प्रत्येक कपाटाच्या दारावर आत काय आहे त्याचं चित्र. खिडकीजवळच्या फळ्यावर आठवड्याचे सात रकाने आणि त्यांत छोटी छोटी चित्रं : बादली, बस, केर काढायचा झाडू, पोहण्याचा तलाव. फोनला चारच बटणं, बटणांवर चार माणसांचे फोटो. आपला फोटो पहिल्या बटणावर नाही, तिसऱ्यावर आहे, हे ताईने तीन महिन्यांपूर्वीच टिपलं होतं आणि त्याचं तिला जरासं लागलंही होतं. पहिलं बटण होतं बाळसारख्यांना स्वतंत्र राहायला मदत करणाऱ्या आधार सेवेच्या बाईंचं.

त्या बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, रुंद हाडाच्या, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. दादाने त्यांचं नाव 'थांबाबाई' ठेवलं होतं. कारण पहिल्या दिवशी बाळ बुटांच्या नाड्या बांधत असताना आई खाली वाकली आणि बाई म्हणाल्या, "थांबा." ताईने त्याची कॉलर सरळ करायला हात पुढे केला. "थांबा." दादाने कुलपात अडकलेली किल्ली फिरवायला घेतली. "थांबा." घरी परतताना दादा आख्ख्या रस्त्याने त्यांची नक्कल करत आला होता आणि त्या दिवशी आईसुद्धा हसली होती.

बुधवारनंतर कोणी हसलं नव्हतं.

"मी चहा करतो," बाळ म्हणाला.

"राहू दे रे, मी करते," आई उठलीच. मग स्टुलाकडे बघून आपणहून खाली बसली.

चहाला सतरा मिनिटं लागली. दादाने ती मोजली असणार. बाळने ओट्यावरच्या चित्रांवर बोट ठेवत एकेक पायरी केली. पाच कप पाणी, पाच कपांना पाच चमचे. शेगडी विजेची होती. ठरलेल्या वेळाने आपोआप बंद होणारी. ती टक् करून बंद झाली तेव्हा पाणी उकळलंच नव्हतं. तो थोडा वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. ताईच्या पायांना नुसती कळ लागली. उठावं, बटण फिरवावं, एका सेकंदाचं काम. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"अजून पाच," बाळ स्वतःशी म्हणाला आणि त्याने बटण फिरवलं.

दूध ओतताना ओट्यावर सांडलं. फडकं कुठल्या कपाटात ते त्याने चित्रावरून शोधलं, पुसलं, फडकं पिळून वाळत टाकलं. मग एकेक कप दोन्ही हातांत धरून टेबलावर आणून ठेवला. शेवटचा थांबाबाईंना.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या. "आता बैठक तुम्ही चालू करताय ना?"

तुम्ही! या माणसाला आजवर कोणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. शाळेत घेतलं नाही त्या मुख्याध्यापकांपासून ते इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकांपर्यंत सगळ्यांसाठी तो 'ए बाळा' होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताईने मागे वळून बघितलं होतं, आणखी कोण आलंय म्हणून.

बाळने खिशातून चार-पाच कार्डं काढली आणि पहिलं टेबलावर ठेवलं. बसचं चित्र.

"बुधवार," तो म्हणाला.

"हां, बुधवारचंच बोलू," दादाने कप बाजूला सारला. "आणि बाई, आधी मी बोलतो. तीन महिने त्याला इथे एकटं राहू देऊन बघू म्हणालात, आम्ही करून बघितलं. आज तीन महिने पुरे होतात. बुधवारी हा तीनला लाँड्रीतल्या कामावरून सुटला. पावणेचारला घरी यायला हवा होता. आला आठला. पाच तास! आई देवासमोर बसावं तशी फोनसमोर बसून होती. ही डेपोत, मी दुकान उघडं टाकून हॉस्पिटलं पालथी घालतोय. शवागाराच्या दारापर्यंत जाऊन आलो मी. कोणाला सांगितलं नाही हे."

आईने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"माझी पाळी आहे," बाळ म्हणाला. "कार्ड माझं आहे."

दादाने कप पुन्हा जवळ ओढला. बाळने बोट कार्डावर ठेवलं आणि बोलायला लागला. तो बोलायचा तसाच, शब्दाशब्दाला थांबत.

"बसमध्ये बसलो. खिडकीत. पहिला थांबा पेट्रोल पंप. मग पाण्याची टाकी येते. आली नाही. मग निळी कमान येते. आली नाही. रस्ता खणलाय. बस दुसरीकडून गेली. ड्रायव्हर बोलला होता काहीतरी. सगळे हो म्हणाले. मला कळलं नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "ओळखीचं दिसलं नाही तर उतरायचं. उतरलो. मग फोन. फोन बंद. गाणी ऐकली होती ना."

"मग?" आईने विचारलं. बुधवारपासून हे सगळं तिने विचारून विचारून थकवलं होतं त्याला, पण तो एकच सांगत राहिला : रविवारी सांगीन, सगळ्यांना एकदम.

"मग गणवेशवाला माणूस शोधायचा. पोलीस होता. चौकातला. पत्त्याचं कार्ड दाखवलं. तो म्हणाला, चल, चौकीत बस, घरच्यांना बोलावतो. मी नाही म्हणालो."

"का?" दादा ओरडलाच. "अरे का? तिथे बसला असतास तर अर्ध्या तासात मी आलो असतो!"

"तो म्हणाला, हरवलायस तू. मी हरवलो नव्हतो." बाळचा आवाज चढला. "बस हरवली होती!"

ताईच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने तोंडावर हात दाबला. आश्चर्य म्हणजे आईचे ओठही हलले.

"मी विचारलं, लाँड्रीकडची बस कुठली? त्याने दाखवली. लाँड्रीत गेलो परत. तिथून मला येतं. पण बस पुन्हा हरवली तर? म्हणून चाललो. थांब्याथांब्याने. पेट्रोल पंप, टाकी, कमान. अकरा थांबे." त्याने बोटं वर केली, दोन्ही हातांची, आणि मग पुन्हा एक. "आलो."

खालच्या रस्त्यावर एक हातगाडी खडखडत गेली.

ताई नकाशे काढणारी. सर्वेक्षण कार्यालयात तिची बावीस वर्षं गेली होती. तो रस्ता तिच्या डोळ्यांपुढे एका रेषेत उभा राहिला : पुलाखालचा वळसा, गोदामांची लांब भिंत, जिथे पदपथच नाही तो पट्टा. सहा किलोमीटर. वर थोडं. ज्याला आई परवापरवापर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा हात धरून नेत होती, त्याने चुकलेली गोष्ट ओळखीच्या जागी परत नेऊन, तिथून पुन्हा सुरू केली होती. कच्चा नकाशा चुकला की तीही नेमकं हेच करायची.

"म्हणजे याने डोकं चालवलं," दादा हळू म्हणाला. "ठीक आहे. मान्य. पण बाई, तुम्हाला तो साडेसहालाच दिसला होता. तुम्ही आईला फोन केलात, दिसलेत, येतायत. आणि मग दीड तास काही नाही. गाडी होती ना तुमच्याकडे?"

"होती," थांबाबाई म्हणाल्या. "सातव्या थांब्यावर भेटले ते मला. मी काच खाली करून विचारलं, बसता का? ते नाही म्हणाले. मी गाडी तिथेच लावली आणि चालत निघाले."

"सोबत?"

"मागून. वीस पावलं. त्यांनी तसं सांगितलं."

"त्याने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत! आणि वाटेत काही झालं असतं तर?"

"तर मला जन्मभर झोप लागली नसती." बाईंचा आवाज होता तसाच राहिला, पण मांडीखालचे हात त्यांनी बाहेर काढले. "घाबरले होते मी, साहेब. गोदामांजवळ ट्रक वळतात तिथे तर माझं काळीज तोंडात आलं होतं. ते थांबले, दोन्हीकडे बघितलं, एक ट्रक जाऊ दिला, दुसराही जाऊ दिला, मग ओलांडलं. मी वीस वर्षं हॉस्पिटलात काम केलं. तिथे सगळं माणसासाठी करून द्यायचे. इथे आल्यावर न करायला शिकले. ते जास्त दमवतं." मग त्या आईकडे वळल्या. "फोनचं मात्र माझं चुकलं. रोजच्या यादीत चार्जिंगचं चित्रच आम्ही घातलं नव्हतं. आणि तुम्हाला दर थांब्याला फोन करायला हवा होता. दीड तास तुम्ही काय काढलं असेल याचा विचार माझ्या डोक्यात यायला उशीर झाला. त्याची माफी मागते."

दादाची तयारी भांडणाची होती. माफीचं काय करायचं ते त्याला कळेना. माणूस असा अडकला की हाताला लागेल ते फेकतो. त्याच्या हाताला ताई लागली.

"हे सगळं हिच्यामुळे," तो म्हणाला. "हिनेच खूळ काढलं. आई, तुला वाटतं हे त्याच्या भल्यासाठी? हिला मोकळं व्हायचंय. स्पष्ट सांग ना, ताई. कंटाळलीस तू."

आई म्हणाली, "अरे, असं काय बोलतोस?"

पण ते खरं होतं.

ती नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला दुकानातल्या काचेच्या टेबलावर उचलून बसवलं होतं. माझ्यानंतर दुकान दादा बघेल, बाळाला तू. इतक्या प्रेमाने म्हणाले होते, जणू काही सोन्याचा दागिनाच देतायत. तिने मान डोलावली. ती मान तिने पुढे सदतीस वर्षं डोलावली. डोंगरातल्या मोजणीवर जायची संधी तीनदा आली, तीनदा तिने नाही म्हटलं. लग्नाचं एकदा जमत आलं होतं, तो माणूस चांगला होता, त्याने फक्त एवढंच विचारलं होतं की बाळ कायमचा आपल्याकडेच का? मग गेल्या थंडीत आई न्हाणीघरात घसरून पडली. ताई ऑफिसातून आली तेव्हा बाळ आईशेजारी फरशीवर बसला होता, तिच्या डोक्याखाली टॉवेल धरून. दोन तास. टॉवेल सोडला नव्हता त्याने. फोन हाताशी होता. तो कसा लावायचा हे एवढ्या वर्षांत आपण कोणी त्याला शिकवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आधार सेवेच्या कार्यालयाची पायरी चढली. आईसाठी गेली, बाळसाठी गेली. आणि जिना चढताना छातीत जे हलकं हलकं वाटलं होतं, ते स्वतःसाठी होतं.

"हो," ती म्हणाली. "कंटाळले मी. मला मोकळं व्हायचं होतं. रोज सकाळी त्याचा डबा, त्याचे मोजे, त्याची औषधं. त्याचा कंटाळा नाही आला रे. पण मला माझं काही आठवेनासं झालं होतं." तिला बाळकडे बघायची हिंमत होईना. "त्याच्यासमोर बोलायला नको होतं. पण तू बोलायला लावलंस."

बाळने कार्डं गोळा केली. नीट एकावर एक लावली. मग म्हणाला, "मला पण."

"काय तुला पण?" दादाने विचारलं.

"मला पण मोकळं व्हायचं होतं. ताई दार वाजवत नाही. माझं दूध पण तीच फुंकते." त्याने विचार केला. "ताई चांगली आहे. पण सारखी असते."

ताईने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता, राग नाही, काही नाही, एखादी गोष्ट जागच्या जागी ठेवावी तसा. आणि तिला रडू कोसळलं. इतकी वर्षं तिने हा विचार चोरून जवळ बाळगला होता. तिला कधी सुचलंच नव्हतं की भिंतीपलीकडच्या पलंगावर पडून तोही हाच विचार करत असेल.

आईने पदराने ताईचे डोळे पुसायला हात उचलला, आणि तो वाटेतच थांबवला. थांबाबाईंनी काही म्हटलं नव्हतं.

"तुम्हा दोघांना आत्याआजी फारशा आठवत नसतील," आई म्हणाली.

दादाने भुवया चढवल्या. घरात हे नाव कोणी काढत नसे. आजोबांची बहीण. अल्बममध्ये तिचा एकही फोटो नव्हता.

"मागच्या खोलीतल्या?" त्याने विचारलं.

"त्याच. मी लग्न होऊन आले तेव्हा एकवीस वर्षांची होते, त्या चाळिशीच्या. बोलणं नीट नव्हतं, एक पाय ओढायच्या. मला सांगितलं गेलं, ताट आत न्यायचं, वेणी घालायची, कडी लावून यायचं. आणि नीट ठेवलं हां त्यांना. स्वच्छ. वेळेवर जेवण. बघणारे म्हणायचे, काय सांभाळलंय बहिणीला! मलाही तसंच वाटायचं." ती रिकाम्या कपात बघत बोलत होती. "एकदा घरात कोणी नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि दाराकडे ओढलं. मी नेलं. कोपऱ्यापर्यंत. तिथे उभ्या राहिल्या आणि बघत बसल्या, गाड्या, माणसं. हसत होत्या. तुमच्या आजोबांना कळलं. पुन्हा नाही म्हणाले, लोक बघतात. मग पुन्हा नाही. पुढे त्या चौदा वर्षं होत्या. चौदा वर्षं मी ताट नेलं आणि एकदाही विचारलं नाही, तुम्हाला काय हवंय."

"आई, तेव्हाचे दिवस वेगळे होते," दादा म्हणाला.

"असतील. कोपरा तोच होता." आईने बाळकडे पाहिलं. "त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. आणि हा माझा मुलगा अकरा थांबे चालून आला. कुठाय तो कागद?"

थांबाबाईंनी कागद टेबलावर सरकवला : बाळ यापुढेही इथेच राहणार, असा करार. खाली सहीच्या दोन जागा होत्या, एक बाळची, एक पालक म्हणून आईची.

"आई, नीट विचार कर," दादा म्हणाला. पण आवाजातला जोर ओसरला होता.

"तू त्याला खांद्यावर घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला होतास," आई त्याला म्हणाली. "बारा वर्षांचा होतास. नाही म्हणाले तेव्हा घरी येऊन भिंतीवर डोकं आपटलंस. तुझी भीती मला कळत नाही का रे? माझीही तीच आहे. बुधवारी मेलेच होते मी. पण ती आपली भीती आहे. त्याच्या पायात कशाला बांधायची?"

बाळने आधी सही केली. जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत. शेवटचं अक्षर रेघेखाली गेलं. मग आईने केली.

दादाने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाला, "पाय दुखले असतील."

"दुखले. फोड आला." बाळने लगेच बूट काढून टाच दाखवली. पट्टी वाकडी लागली होती. "मीच लावली."

दादाने चष्मा कपाळावर चढवला, घड्याळाच्या आत बघावं तसं वाकून पाहिलं. हात पट्टीपर्यंत गेला होता. "चांगली लावलीस," तो म्हणाला आणि हात मागे घेतला. "तो रस्ता अजून महिनाभर खणलेलाच राहणार. मी चौकशी केली."

"दुसरी बस आहे," बाळ म्हणाला. "शुक्रवारी गेलो. शनिवारी गेलो. लाल इमारत, मग शाळा, मग पूल. लाँड्रीत सांगितलं मी सगळ्यांना. ते म्हणाले, घडीमास्तर, आम्हाला पण दाखव."

"घडीमास्तर?"

"तिथे त्यांना तसंच म्हणतात," बाईंनी सांगितलं. "हॉस्पिटलच्या चादरी यांच्यासारख्या तिथे कोणी घडी करत नाही. काठाला काठ. नव्या लोकांना आधी यांच्याकडेच पाठवतात."

दादाने धाकट्या भावाकडे असं पाहिलं, जणू दुकानात कोणी अनोळखी कारागीर आलाय आणि त्याचं काम चोख आहे. "कधी येऊ बघायला?" त्याने विचारलं. त्याने विचारलं, हेच ताईला नवल वाटलं.

"साहेबांना विचारतो," बाळ म्हणाला. "मग फोन करीन. दोन नंबरचं बटण."

निघताना आईने सवयीने विचारलं, रविवारी येऊ ना? बाळ फळ्यापाशी गेला, रकान्यावर बोट फिरवलं. "रविवारी नको. पोहायला जायचंय. बुधवारी ये. सहाला." आई 'बरं' म्हणाली, आणि दाराबाहेर पडल्यावर दादाला म्हणाली, "बुधवारची आठवण करून दे रे मला." दादाने एका हातात सूटकेस घेतली, दुसऱ्या हाताने तिचा दंड धरला. दोघं लिफ्टकडे गेली.

ताई मागे राहिली. खुर्च्या शेजारी पोचवायच्या होत्या. तिने एक उचलली, मग पुन्हा ठेवली.

"या तू नेणार ना?"

"हो."

"मी कधी येऊ?"

बाळने या वेळी फळ्याकडे पाहिलं नाही. "तू नको येऊस," तो म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, नीट सांगितलं पाहिजे. "म्हणजे ये. नंतर. आधी मी येतो. मी तुमच्या घरी येतो. पाहुणा."

तुमच्या घरी. एक्केचाळीस वर्षं ते 'आपलं घर' होतं. ताईला ते लागलं आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, तिला आनंद झाला, असा की खुर्चीची पाठ घट्ट धरावी लागली.

"ये की," ती म्हणाली. "कधी येशील?"

आता तो फळ्यापाशी गेला. सोमवारपासून शनिवारपर्यंत सावकाश बघत गेला, एका चित्रापाशी थांबला, मान हलवली, पुढे सरकला. ताई उभी होती. तिला घाई नव्हती.

"शनिवारी," तो म्हणाला. "चारला. घरी राहा हं. पाहुणा आला आणि कुलूप असलं, तर बरं दिसत नाही."